ठासणीच्या पिस्तुलाचं मूळ आणि त्यावर चढलेले थर: ओळख पटवायला मदत हवी

पंचवटीकर

नमस्कार मंडळी. घरातल्या जुन्या पेटीत एक ठासणीचं पिस्तूल आहे, त्याची ओळख पटवायची आहे. फोटोत चमक इतकी येते की काहीच कळत नाही, म्हणून दिसतंय ते सगळं लिहून देतो.

एकूण लांबी ३९ सेंमी. नळी गोल, २२९ मिमी, आतून गुळगुळीत, तोंडाशी आतला व्यास १६.६ मिमी. वजन १ किलो ३५० ग्रॅम. लॉक (बार उडवणारी यंत्रणा) टोपीचं, म्हणजे हॅमर छोट्या स्फोटक टोपीवर आपटून बार उडतो; ती टोपी बसते ते निपल जागेवर. गज (दारू-गोळी ठासायची सळई) लोखंडी, नळीच्या तोंडाशी बिजागरीने अडकवलेला, त्यामुळे हरवत नाही. चापाची कडी, मुठीची टोपी आणि डावीकडची पट्टी पितळी असावी, पण नळी, लॉक, पितळ सगळंच पांढरं चकचकीत आहे. कडीच्या वळणावर चमक उडालीय, तिथे आधी गुलाबीसर आणि त्याखाली पिवळं दिसतं. नळीवर बारीक खड्डे आहेत, पण खड्डेसुद्धा चमकतात.

लॉक प्लेटवर मागच्या पायांवर उभा, पुढच्या पायांत मुकुट धरलेला सिंह आहे, पुसट. त्याच्या जवळ १८४ आणि पुढचा आकडा गेलेला. नळीच्या शेपटीवर (मागे लाकडात बसवलेल्या पट्टीवर) टिंबाटिंबांनी ठोकलेला देवनागरी आकडा: २१७. लाकूड तांबूस काळं, आरशासारखं.

हे कुठलं, कधीचं, आणि ही चमक मूळची आहे का? भांडी बाजाराजवळ बफिंग करून मिळतं, तिथे देऊन एकसारखं करून घ्यावं का?

रामशेज

बफिंगला अजिबात देऊ नका. बाकी सगळं सावकाश बोलू, त्याआधी एक काम करा: ते भरलेलं नाही याची खात्री. पेटीतून निघालेली ठासणीची हत्यारं भरलेली निघण्याचं प्रमाण लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त आहे. काळी दारू वर्षं उलटली म्हणून निकामी होत नाही. ओल लागली तर गोळा होते, पण सुकली की पुन्हा पेट घेऊ शकते.

निपलवर टोपी नाही हे नजरेने बघा. असली तर हॅमरला हात न लावता थांबा. टोपी नसेल तर हॅमर अर्ध्या चढीवर (अर्धा मागे ओढून अडकेल तिथे) ठेवा. साधारण १० मिमी जाडीची, टोकाला सपाट कापलेली लाकडी काठी तोंडातून अलगद आत सोडा. ती थांबेल तिथे तोंडाच्या पातळीला पेन्सिलीने खूण करा. बाहेर काढून नळीच्या बाजूला धरा. खूण तोंडाशी धरल्यावर काठीचं टोक निपलच्या बुडापर्यंत पोचलं पाहिजे. तुमच्या मापाच्या नळीत ब्रीच प्लगचे (नळीच्या मागच्या बुचाचे) आटे वजा जाता २१० ते २१७ मिमी खोली यायला हवी. १७० च्या आसपास अडली तर आत गोळी आणि दारू आहे असंच धरा.

काठी अडली आणि टोकाला माती लागून आली तर बहुधा कुंभारीण माशीचं घर आहे. पण त्याच्या मागे काय आहे ते दिसत नाही, म्हणून ठोकून पुढे जायचं नाही. भरलेलं निघालं तर पोलिसांना कळवायचं, ते बॉम्बशोधक पथक बोलावतात. गरम करणं, ड्रिल मारणं, निपल खोलून दारू उकरणं, यांतलं काही घरी करू नये.

वकील_नाशिकरोड

रामशेज यांच्या प्रतिसादाला जोडून कायद्याचं सांगते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या पद्धतीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे. पण त्यातच अट आहे: दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं ते हवं. म्हणजे "शंभर वर्षांचं आहे, लायसन कशाला" हे उत्तर पुरेसं नाही. ज्याचं लॉक चालतं, निपल उघडं आहे, नळी शाबूत आहे, त्याच्याबाबत प्रश्न उभा राहू शकतो.

शहर हद्दीत परवाना शाखा पोलीस आयुक्तालयात आहे, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात. वर्णन, मापं, चारही बाजूंचे फोटो, घरात कसं आलं त्याची दोन ओळींत माहिती, असा अर्ज द्या आणि पोच घ्या. तोवर ते घेऊन गावभर फिरू नका, अगदी दाखवण्यासाठीही. दारू आणि टोप्या जवळ ठेवू नका. तो वेगळा विषय होतो.

दुसरं, शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याखाली पुराणवस्तू ठरते. ती देशाबाहेर विकता किंवा पाठवता येत नाही. परदेशातून कुणी किंमत विचारली तर विषय तिथेच थांबवा.

पंचवटीकर

धन्यवाद दोघांनाही. टोपी नाही. काठी २१३ मिमी आत गेली, टोकाला फक्त तपकिरी भुकटी. अर्जाचा मसुदा करतोय.

रामशेज

२१३ म्हणजे रिकामं. आता ओळखीकडे.

मुकुट धरलेला उभा सिंह हा ईस्ट इंडिया कंपनीचा शिक्का. साधारण १८०८ च्या आधी कंपनी आपल्या हत्यारांवर हृदयाच्या आकाराची खूण मारायची: चार भाग केलेलं हृदय, त्यात व्ही, ई, आय, सी ही अक्षरं आणि वर चारच्या आकड्यासारखी रेघ. ती गेली आणि सिंह आला. म्हणजे सिंह दिसला की एकोणिसावं शतक, आणि १८५८ मध्ये कारभार राणीकडे गेला त्याच्या आधीचं. तुमच्याकडे १८४ उरलंय ते यात चपखल बसतं. ब्रिटिश लष्कर चकमकीवरून (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या लॉकवरून) टोपीकडे वळलं ते १८३० च्या दशकाच्या शेवटी आणि १८४० च्या दशकात. कंपनीही त्याच सुमारास वळली.

तुमची मापंही जुळतात. २२९ मिमी म्हणजे बरोबर ९ इंच. १६.६ मिमी म्हणजे ०.६५ इंच, ज्याला कार्बाइन बोअर म्हणत (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास). पायदळाच्या मस्केटची (लांब बंदुकीची) गोळी यात जात नाही, ते बोअर पाऊण इंचाचं. ९ इंच नळी, ०.६५ बोअर, अडकवलेला गज ही घोडदळाच्या पिस्तुलाची ठेवण आहे. चालत्या घोड्यावर गज हातातून पडला तर पिस्तूल संपलं, म्हणून ती बिजागरी.

सिंहाबरोबर मुकुटाखाली व्ही आर (राणी व्हिक्टोरियाची अक्षरं), टॉवर हा शब्द किंवा बाणाची खूण आहे का ते मुद्दाम बघा. बाण हा ब्रिटिश सरकारच्या ऑर्डनन्सचा (शस्त्रखात्याचा), कंपनीचा नव्हे. दोन बाण टोकाला टोक लावून असले तर सरकारने ते भांडारातून विकून टाकलं असा अर्थ. नुसतं टॉवर लिहिलेलं असणं हा कसलाच पुरावा नाही, व्यापारी मालावरही ते सर्रास मारलेलं असतं. नळीवर लंबगोलात ई एल जी दिसलं तर ती बेल्जियममधल्या लिएजची प्रूफ खूण (नळी बार काढून तपासल्याची). मग नळी इंग्लंडची नाहीच.

टिंबांचा देवनागरी आकडा मात्र इंग्रजांचा नाही. संस्थानांच्या शिलेखान्यांत (शस्त्रागारांत) नोंदीसाठी असे आकडे ठोकत. बिकानेरच्या शिलेखान्यातल्या हत्यारांवर टिंबांची देवनागरी अक्षरं प्रसिद्ध आहेत. म्हणून हे बिकानेरचंच असं मात्र म्हणता येणार नाही, नुसत्या आकड्यावरून संस्थान ठरत नाही. इतकं नक्की की कंपनीच्या हातून सुटल्यावर ते कुठल्यातरी नोंदवहीत २१७ नंबरला होतं.

गोदाकाठ

सिंह नकली असण्याची शक्यता? खैबरकडे असले शिक्के मारलेला माल भरपूर बनायचा.

रामशेज

योग्य शंका. तपासायला तीन जागा. पहिली अक्षरं: नकलेत एन उलटा येतो, आकडे वाकडेतिकडे, राणी गेल्यानंतरच्या सालाबरोबर व्ही आर असतं. व्ही आर फक्त १८३७ ते १९०१, त्याआधी १८३० ते १८३७ डब्ल्यू आर. दुसरी, शिक्का ठोकलाय की कोरलाय. ठोकलेल्या खुणेत तळ सपाट आणि कडेला धातू किंचित फुगलेला असतो, छिन्नीने कोरलेल्यात रेघ टोकाला निमुळती होते. तिसरी म्हणजे स्क्रू. इंग्लिश कारागिराच्या स्क्रूची खाच अरुंद, आणि आटे इंचाच्या मापाचे. मेट्रिक गेज बरोबर बसला तर तो स्क्रू तरी नंतरचा.

सातपूर_टूलरूम

आता चमकीवर लिहितो, कारण धाग्याच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

ही चमक मूळची नाही, हे न बघताही सांगता येतं. निकेल प्लेटिंग धंदा म्हणून १८७० च्या आसपास सुरू झालं. १८४० च्या दशकातल्या लष्करी पिस्तुलावर ते असूच शकत नाही. त्या काळच्या नळ्या एकतर नुसत्या पॉलिशच्या, पांढऱ्या, नाहीतर तपकिरी केलेल्या. तपकिरी म्हणजे मुद्दाम मंद गंज चढवून, घासून, पुन्हा चढवून, शेवटी तेलाने थांबवलेला थर. तोच थर प्रत्येक फेरीनंतर पाण्यात उकळला की काळा होतो. कॉस्टिकच्या गरम मिठातला चकचकीत निळा काळा रंग १९३० च्या दशकात रुळला, त्यामुळे असल्या पिस्तुलावर तो दिसला तर तोही नंतरचा.

तुमच्याकडे गुलाबी थर आणि त्याखाली पितळ दिसतंय. म्हणजे आधी तांब्याचा हात, मग वर पांढरा थर. लोखंड आणि पितळ एकाच टाकीत चालवायचं तर प्लेटिंगवाले तांब्याचा हात देतातच. वरचा थर निकेल की क्रोम ते उजेडात ठरतं. खिडकीशी, पांढऱ्या कागदाशेजारी धरा. निकेल किंचित पिवळसर, उबदार दिसतं, क्रोम थंड निळसर. क्रोम असेल तर १९२० च्या दशकानंतरचं.

खड्डेसुद्धा चमकतात, हे तुम्ही सहज लिहिलंय, पण तो फार मोलाचा पुरावा आहे. दोन गोष्टी कळतात. पहिली, प्लेटिंग गंज खाऊन झाल्यावर केलंय, कारण खड्ड्याच्या तळाशी निकेल आहे. दुसरी, जुनं निकेल टाकीतून मळकट राखाडी निघायचं, चमक बफच्या चाकाने आणावी लागायची, आणि बफ दोन मिलिमीटरच्या खड्ड्यात शिरत नाही. खड्ड्याचा तळही आरशासारखा असेल तर ते टाकीतूनच चमकत निघणारं ब्राइट निकेल. ते १९३० च्या दशकानंतर आलं. तेव्हा दहापट भिंगाखाली खड्ड्याच्या तळाकडे नीट बघा: राखाडी की आरसा?

तसंच त्या २१७ च्या टिंबांकडे. टिंबाच्या आत पांढरा थर अखंड असेल तर आकडा आधी, प्लेटिंग नंतर. टिंबाच्या कडेला थर फाटून तळाशी लोखंड दिसत असेल तर प्लेटिंग आधी आणि आकडा नंतर. कोण कोणाच्या वर बसलंय हे एकदा ठरलं की सगळा इतिहास सरळ रांगेत उभा राहतो. बफिंगने नेमका हाच क्रम पुसला जातो.

बफिंगच्या खुणाही शोधा. स्क्रूच्या भोकाभोवती बशीसारखा खोलगटपणा, लॉक प्लेटच्या कडा गोल, शिक्क्याच्या एका बाजूच्या रेषा गायब आणि दुसऱ्या बाजूच्या शाबूत. चाक ज्या दिशेने फिरलं तिकडच्या रेषा आधी जातात. तुमचा चौथा आकडा असाच गेला असणार. तो वाचायला अंधाऱ्या खोलीत टॉर्च प्लेटला जवळजवळ समांतर धरा आणि हळूहळू चारही बाजूंनी फिरवा. वरून खडू किंवा पावडर घासू नका, ती शिक्क्यात अडकून बसते.

धातू नक्की करायचा असेल तर सराफ बाजारात कॅरेट मोजायचं एक्स-रे मशीन असतं. सोन्यासाठी लावलेलं असतं म्हणून टक्केवारी अचूक येणार नाही, पण निकेल, क्रोम, तांबं, लोखंड आहे की नाही ते दिसतं, आणि ओरखडा पडत नाही. पिस्तूल नेऊ नका, फक्त सोडवलेली पितळी कडी न्या.

शिसव

लाकडाबद्दल मी. "आरशासारखं" म्हणजे लाकडावरही नंतर हात फिरलाय. लष्करी दस्त्याला (पिस्तुलाच्या लाकडी भागाला) जवसाचं तेल असायचं, त्याची चमक मंद. आरसा दोन गोष्टींनी येतो, चंद्रसाचं (लाखेचं) पॉलिश किंवा आजकालचं पीयू (पॉलियुरेथेन). मुठीच्या टोपीखाली किंवा कडीच्या आत झाकल्या जाणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याला एक थेंब स्पिरिट लावून दहा सेकंद टेका. चिकट झालं, बोळा तांबूस झाला तर चंद्रस. काहीच झालं नाही तर तेल किंवा पीयू. अंधारात अतिनील टॉर्च मारली तर चंद्रस नारिंगी झळकतो, तेही बघता येईल.

मग लाकूड आणि धातू यांची पातळी. नव्या दस्त्यात लाकूड लॉक प्लेटपेक्षा केसभर वर असतं, मुद्दाम ठेवलेलं. नख लाकडावरून प्लेटकडे सरकवा. नख प्लेटच्या कडेला अडलं, म्हणजे प्लेट वर आणि लाकूड खाली गेलं, तर कोणीतरी पॉलिश पेपर मारलाय. असं असेल तर दस्त्यावरचे गोल शिक्के गेलेच समजा, ते जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल असतात.

आणि लाकूड अक्रोडाचं आहे की शिसवाचं? इंग्लंडहून आलेलं अक्रोडाचं. शिसव जड, रेषा गडद जांभळट काळ्या. इथे दस्ता बदलला तर तो बहुधा शिसवाचा. चंद्रसाच्या तांबूस रंगाखाली फरक दिसत नाही, म्हणून लॉक काढल्यावर आतल्या कोऱ्या लाकडाकडे बघा.

पंचवटीकर

लॉक काढणं मला जमेल का? काय काळजी घ्यायची?

सातपूर_टूलरूम

जमेल, घाई केली नाही तर. पिस्तूल मऊ टॉवेलवर. स्क्रूड्रायव्हर असा हवा की पातं खाचेत पूर्ण लांबीला आणि तळापर्यंत बसेल. बाजारातल्या ड्रायव्हरचं पातं पाचरीसारखं निमुळतं असतं, ते वर उचललं जातं आणि खाच फाटते. कानसेवर दोन्ही बाजू समांतर करून घ्या.

डाव्या पट्टीतल्या दोन्ही लॉक स्क्रूंवर प्रत्येकी एक थेंब गंज सोडवणारं तेल, मग एक रात्र तसंच. तेल लाकडावर ओघळू देऊ नका, लाकूड काळं पडून कुजतं. हॅमर अर्ध्या चढीवर. दोन्ही स्क्रू तीन-चार वेढे सैल करा, पूर्ण काढू नका. ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने स्क्रूंच्या डोक्यावर आळीपाळीने हलके टोले द्या म्हणजे लॉक उजवीकडून सारखं वर येईल. एका बाजूने स्क्रू पूर्ण काढून प्लेट उचकटली तर लाकडाची कड चिरते. दहातल्या नऊ दस्त्यांना लॉकच्या मागे चीर असते ती याच कारणाने.

निपलला हात लावू नका. अडकलेलं निपल मुळाशी तुटतं आणि तुटकं काढायचं तर आटे खराब होतात. नळीची पिन हलत नसेल तर तीही राहू द्या. नळी न काढताही बहुतेक उत्तरं मिळतात.

रामशेज

लॉक निघालं की त्याच्या आतल्या बाजूला चकमकीच्या खुणा शोधा. पुष्कळ पिस्तुलं मुळात चकमकीची होती आणि नंतर टोपीची केली. तसं असेल तर प्लेटवर तीन ठिकाणी बुजवलेली भोकं सापडतात: पानाच्या (पेटवायची दारू ठेवायच्या वाटीच्या) खाली, पोलादी झाकणाच्या स्प्रिंगच्या जागी आणि झाकणाच्या खिळ्याच्या जागी. बाहेरून बुजवून घासलं की दिसत नाहीत, आतून गोल चकत्या दिसतात. शिवाय निपलचा तुकडा नळीच्या जुन्या कानात (पेटवायच्या भोकात) स्क्रूसारखा बसवलेला असतो. मुळात टोपीचं असेल तर निपल ज्यावर बसतं तो धातूचा गोळा ब्रीचशी एकजीव असतो.

आणि प्रत्येक भागावर कानसेने मारलेल्या छोट्या रेघा असतात, दोन, तीन, चार. त्या जुळणीच्या खुणा. लॉक, त्यातले भाग, स्क्रू, दस्त्याच्या आत, नळीच्या बुडाशी एकसारख्या रेघा म्हणजे सगळं एका पिस्तुलाचं.

पंचवटीकर

लॉक निघालं, चीर पडली नाही.

प्लेट आतून एकसंध, बुजवलेलं भोक एकही नाही. निपलचा गोळा नळीशी एकजीव. लॉकच्या आतल्या सगळ्या भागांवर तीन रेघा, दोन्ही लॉक स्क्रूंच्या दांड्यावर तीन रेघा. दस्त्याच्या खोबणीतही तीन. पिन सहज सरकली म्हणून नळीही काढली. नळीच्या खालच्या अंगाला दोन तिरप्या रेघा आणि मुकुटाखाली एकमेकांवर आडवे टाकलेले दोन राजदंड, कडेला बी, पी, सी. या खुणा एकदम स्पष्ट.

आतलं लाकूड फिकट तपकिरी, रेषा बारीक. पण नळीच्या मागच्या टोकाशी खोबणीत साधारण ४ मिमी रुंदीची काळी पट्टी आहे, लाकूड नाही, टोकरलं तर भुकटी पडते.

टिंबांच्या आत पांढरा थर अखंड. खड्ड्यांचा तळ राखाडी, आरसा नाही. स्पिरिटने बोळा तांबूस झाला. चौथा आकडा टॉर्चने अजूनही ३ की ८ ते ठरत नाही.

रामशेज

फार चांगली नोंद केलीत. आता एकेक घेऊ.

लॉक आणि अक्रोडाचा दस्ता एका पिस्तुलाचे, मुळात टोपीचे, कंपनीचे, १८४० च्या दशकातले. याबद्दल शंका उरत नाही. नळी मात्र दुसरीकडची. रेघा जुळत नाहीत, आणि राजदंडांभोवती बी, पी, सी ही बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसची खूण, जे १८१३ च्या कायद्याने सुरू झालं. ही व्यापारी प्रूफ आहे. तेव्हा त्या नळीवर कंपनीची स्वतःची एखादी खूण आहे का ते पुन्हा एकदा खालच्या अंगाला शोधा. नसेल तर नळी बाजारातून आलेली.

गोदाकाठ

पण लष्करी भांडारातही दुरुस्तीत नळ्या बदलत. मग हे कंपनीच्याच आर्सेनलचं (शस्त्रभांडाराचं) काम कशावरून नाही?

शिसव

त्या काळ्या पट्टीवरून. आर्सेनलमध्ये नळी बदलायची तर खोबणी नव्याने कोरून बसवत किंवा लाकडाचा तुकडा घालत. टोकरल्यावर भुकटी पडते ते लाखेत लाकडाचा भुसा कालवून भरलेलं पोटीन असणार. नवी नळी जुनीपेक्षा ब्रीचशी किंचित अरुंद निघाली, फट पडली, ती भरली. ही बाजारी जुळणी. पोटीनचा एक कण सुईच्या टोकावर घेऊन स्पिरिटच्या थेंबात टाका, विरघळला तर लाखच.

पंचवटीकर

विरघळला, थेंब तांबूस झाला. नळीवर कंपनीची कुठलीच खूण नाही, दोनदा बघितलं.

गोदाकाठ

मग मान्य. आता आकडा २१७ नळीच्या शेपटीवर आहे, म्हणजे नळी बदलल्यानंतरचा. बरोबर?

सातपूर_टूलरूम

बरोबर, निदान या दस्त्यात बसल्यावर ठोकला असेल तर. नळी आधीच दुसऱ्या कुठल्या शिलेखान्यात २१७ असू शकते आणि तिथून निघून इथे बसली असेल. हे तपासता येतं. शेपटीशेजारच्या लाकडावर टिंबं ठोकताना घसरलेली खूण, किंवा शेपटीच्या कडेने लाकूड दबलेलं दिसलं तर आकडा इथेच ठोकलाय.

क्रम आता असा लागतो. कंपनीचं लॉक आणि दस्ता, मग नळी बदलली, मग केव्हातरी गंज खाल्ला, आकडा प्लेटिंगच्या आधी कधीतरी, मग तांबं आणि निकेल. खड्ड्यांचा तळ राखाडी आहे म्हणजे ते जुन्या पद्धतीचं, हाताने बफ केलेलं निकेल, १८७० नंतरचं आणि ब्राइट निकेल सर्रास होण्याआधीचं असण्याची शक्यता जास्त. चंद्रस त्याच वेळी किंवा नंतर.

म्हणून निकेल उतरवू नका. उतरवायला गंधकाम्लात उलटा करंट देतात. निकेल गेलं की आम्ल लगेच लोखंडाला लागतं, खड्डे मोठे होतात, नळीखालच्या स्पष्ट खुणाही जातात. खाली मूळचा तपकिरी थर मिळेल ही आशाही ठेवू नका, प्लेटिंगआधीच्या आम्लधुणीत तो केव्हाच धुतला गेलाय. संस्थानी किंवा घरंदाज चमक हाही या पिस्तुलाच्या आयुष्यातला खरा टप्पा आहे.

पंचवटीकर

शेपटीच्या डाव्या कडेला लाकडात अर्धं टिंब आहे, शेवटच्या आकड्याच्या रेषेत. म्हणजे इथेच ठोकलं.

मग आता नुसतं सांभाळायचं कसं? कडीजवळ उडालेल्या जागी हिरवट डाग येतोय. लॉकच्या आत कोपऱ्यात पांढरी बुरशीसारखी पूडही आहे.

सातपूर_टूलरूम

हिरवट डाग म्हणजे उघड्या पितळावर ओल आणि क्षार. चिंच, लिंबू, मीठ, भांडी घासायची पावडर यांतलं काहीही नको. आम्ल निकेलच्या कडेखाली शिरतं आणि थर पुढे सोलत नेतं. बांबूच्या काडीच्या टोकाला स्पिरिट लावून डाग मऊ करा, कापसाने टिपा, कोरडं करा. काडीऐवजी सुई किंवा ब्लेड वापरू नका.

पांढरी पूड निकेलखालून फुटून येणारे जुने प्लेटिंगचे क्षार असू शकतात, नाहीतर सुकलेलं ग्रीस. डिस्टिल्ड पाण्याचा एक थेंब टाका. विरघळली तर क्षार. मग लॉक दस्त्यापासून वेगळं ठेवून डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा पुसा, लगेच हेअर ड्रायरच्या कोमट हवेने पूर्ण वाळवा, मग पातळ मशीन ऑइल, ब्रशने, लॉकला फक्त चार-पाच थेंब. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन आहे. लॉकचे आतले भाग सोडवू नका, मुख्य स्प्रिंग दाबून धरायचा चिमटा नसेल तर ती उडते किंवा मोडते.

नळीच्या आत लाकडी काठीला सुती कापड गुंडाळून तेलाचा हलका हात. बाहेरून सुती हातमोजे घालून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ थर, धातू आणि लाकूड दोन्हीवर, सुकल्यावर मऊ कापडाने पुसायचं. लाकडावर जवसाचं तेल आता लावू नका, चंद्रसाच्या चिरांतून आत शिरून चिकट राहतं.

शिसव

ठेवायचं कुठे हेही महत्त्वाचं. चामड्याच्या म्यानात किंवा वर्तमानपत्रात नको, दोन्हींत आम्ल असतं. प्लास्टिकच्या घट्ट पिशवीतही नको. न रंगवलेल्या धुतलेल्या सुती कापडात, झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत हवा. जून ते सप्टेंबर नाशकात तो सहज ८० च्या वर जातो, तेव्हा जेल आठवड्याला बघा, रंग बदलला की कढईत मंद आचेवर तापवून परत टाका. उलट एप्रिलमध्ये ३० च्या खाली गेला तर जेल काढून घ्या, नाहीतर ती पोटीनची पट्टी आधी तडकेल.

वकील_नाशिकरोड

आणि अर्जात आता हे सगळं घाला: लॉकवरची खूण, नळीखालची प्रूफ खूण, टिंबांचा आकडा, निकेलचा थर, चारही गोष्टींचे जवळून फोटो. पुढे ही वस्तू कुणी बदलली किंवा बफ केली असा वाद आला तर तारखेसह पोच असलेली ही नोंद कामाला येते. एक प्रत घरच्या कागदपत्रांत ठेवा.

रामशेज

फोटो घेताना टॉर्च तिरपी धरलेलाच घ्या. आणि चौथ्या आकड्यासाठी एक उपाय राहिला: शिक्क्यावर पातळ टिश्यू पेपर धरून मऊ पेन्सिल हलक्या हाताने घासा. ३ असेल तर वरची डावी बाजू मोकळी येईल, ८ असेल तर तिथे कमान उमटेल. उमटलं की इथे टाका.